आधी हीट नंबर, मग प्रिंटर

युद्धनौकेचे जलावतरण होते तेव्हा तिचे पंप, व्हॉल्व्ह, पाइप-जोड बनवणारे कारखाने जोरात चालू असतात. पंचवीस-तीस वर्षांनंतर नौका गस्तीवरच असते, पण त्यातले कित्येक कारखाने बंद पडलेले असतात, नाहीतर त्यांनी ते मॉडेल कधीच सोडून दिलेले असते. ज्यावरून ओतकामाचा साचा घडवायचा तो लाकडी पॅटर्न सरपणात गेलेला असतो, मूळ ड्रॉइंग परदेशात असते आणि गोदीला हवे असतात फक्त दोन इंपेलर, म्हणजे पंपातली पात्यांची फिरती चाके. दोन नगांसाठी नवा पॅटर्न करायला कोणी उत्साहाने पुढे येत नाही, आणि आला तरी तोवर नौका धक्क्याला बांधून ठेवावी लागते. जगभरच्या नौदलांना थ्रीडी प्रिंटिंगची ओढ लागली ती मुख्यतः या अडचणीमुळे.

हा विषय बेळगावचा आहे. उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा या पट्ट्यात ओतकाम आणि मशिनिंग पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह बॉडी, ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न (गोल ग्राफाइटचे, जास्त चिवट ओतीव लोखंड) यांची कास्टिंग ही इथली रोजची भाकरी. महामार्गाने उत्तरेला गेले की हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे सुटे भाग तयार होतात. चोर्ला घाट उतरले की गोवा. तिथल्या गोवा शिपयार्डमध्ये तलवार वर्गातल्या 'त्रिपुट' आणि 'तवस्य' या दोन फ्रिगेटचे जलावतरण २०२४ आणि २०२५ मध्ये झाले. २००५ पासून कार्यरत असलेला कारवारचा 'कदंब' नाविक तळ तर आपल्याच कर्नाटकात आहे, आणि तिथली जहाज उचलणारी लिफ्ट १० हजार टनांची आहे. ग्राहक इतका जवळ आणि इतका मोठा आहे. तरीही बेळगावच्या फौंड्रीतून निघालेला ट्रक बहुतेक वेळा ट्रॅक्टरचे आणि मोटारींचे भाग घेऊन पुण्याकडे किंवा चेन्नईकडे वळतो.

प्रिंटिंग येणार म्हटल्यावर आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो यंत्राचा. कोणते घ्यायचे, सबसिडी किती, बँक किती देईल. आमच्या मते हा प्रश्न सर्वात शेवटी विचारायचा आहे. नौदलाला भाग पुरवण्यासाठी बेळगावच्या लघुउद्योजकाने पुढची दोन वर्षे धातूचा प्रिंटर विकत घेऊ नये. त्याने आपली नोंद, मोजमाप, उष्णोपचार आणि तपासणी नौदलाच्या पातळीला आणावी. आणि या तयारीचा खर्च एकट्या पुरवठादारावर न टाकता ज्याला भाग हवा आहे त्या गोदीने आणि सरकारने त्यातला मोठा वाटा उचलावा. या दोन गोष्टी एकत्र झाल्या नाहीत, तर कोटींची यंत्रे प्लॅस्टिकच्या आवरणाखाली धूळ खात उभी राहतील आणि नोटिसा बँकेकडून येतील.

ज्यांनी हे आधी केले त्यांची सुरुवात बघा. अमेरिकेच्या नौदलाने २०१८ मध्ये जहाजावर बसवण्यासाठी मंजूर केलेला पहिला धातूचा प्रिंट केलेला भाग कोणता होता? वाफेच्या लाइनमधले साचलेले पाणी बाहेर काढणाऱ्या गाळणीचा एक छोटा जोड. 'हॅरी एस. ट्रुमन' या विमानवाहू नौकेवर तो एक वर्षाच्या चाचणीसाठी बसवला गेला. टनांच्या हिशेबाने जगातले सर्वात मोठे नौदल, सर्वात मोठ्या गोदीपैकी एक, आणि सुरुवात हातात मावणाऱ्या भागाने. मोठे प्रयोगही झाले आहेत. नेदरलँड्समध्ये २०१७ मध्ये वेल्डिंगच्या तारेतून थरावर थर चढवून १.३५ मीटर व्यासाचा, सुमारे ४०० किलोचा प्रोपेलर तयार झाला. त्याचे २९८ थर होते, आणि ब्यूरो व्हेरिटास या वर्गीकरण संस्थेने त्याला प्रमाणपत्र दिले. फ्रान्समध्ये 'आंद्रोमेद' या सुरुंगशोधक नौकेवर प्रत्येकी २०० किलोच्या पाच पात्यांचा प्रिंट केलेला प्रोपेलर बसला. या कामांचे फोटो सगळीकडे फिरतात. त्यामागे कापून तपासलेले नमुने किती, आणि त्यांच्या नोंदींची कागदपत्रे किती, ते मात्र फोटोत येत नाही.

बेळगावला सर्वात जवळचा रस्ता वाळूचा आहे, आणि त्यावर इथे सर्वात कमी बोलले जाते. वाळूच्या प्रिंटरमध्ये धातू छापलाच जात नाही. साधारण ०.३ मिलिमीटर जाडीचा वाळूचा थर पसरतो, त्यावर हवे तिथेच फ्युरान रेझिनचे थेंब पडतात, वाळूत आधीच मिसळलेल्या आम्लामुळे रेझिन घट्ट होते, मग पुढचा थर. शेवटी पेटीतून मोल्ड (साचा) आणि कोअर (भागातली पोकळी घडवणारा आतला गाभा) बाहेर निघतात. पॅटर्न नाही, कोअर बॉक्स नाही. त्यात धातू ओतायचा तो आपल्या नेहमीच्या भट्टीतून. म्हणजे नवे तंत्रज्ञान मोल्डपर्यंत, आणि त्यापुढे सगळे बेळगावच्या हातातले ओतकाम. नौदलाच्या दृष्टीनेही हे सोपे जाते, कारण बाहेर पडणारा भाग 'कास्टिंग'च राहतो. त्याला दशकानुदशके वापरातली ओतकामाची मानके लागू पडतात, नव्या प्रक्रियेची मान्यता शून्यापासून मिळवावी लागत नाही.

पण सोपे म्हणजे आपोआप नव्हे. समुद्राच्या पाण्याच्या एका पंपाचा इंपेलर घेऊ. धातू निकेल ॲल्युमिनियम ब्राँझ. या वर्गातल्या सी ९५८०० मिश्रधातूत ॲल्युमिनियम ८.५ ते ९.५ टक्के, निकेल ४ ते ५, लोखंड ३.५ ते ४.५, मँगनीज ०.८ ते १.५ आणि बाकी तांबे. शिसे ०.०३ टक्क्याच्या वर चालत नाही. लोखंड निकेलपेक्षा जास्त झाले तरीही चालत नाही. जी फौंड्री पितळेचा भंगार वितळवते त्याच क्रुसिबलमध्ये (मुशीत) हा धातू केला की शिशाची मर्यादा पहिल्याच हीटला, म्हणजे पहिल्याच वितळणीला, ओलांडली जाते. लोखंडाचे मोजमाप 'अंदाजे' धरले की भाग दिसायला उत्तम, मशिनिंगला उत्तम, आणि समुद्राच्या पाण्यात काही वर्षांनी आतून पोकळ. ॲल्युमिनियम निघून जाते, तांब्याचा सच्छिद्र सांगाडा मागे उरतो, आणि बाहेरून हात फिरवला तर काही कळत नाही. हे टाळण्यासाठी ६७५ अंश सेल्सिअसला ६ तास ठेवून हवेत थंड करण्याचा उष्णोपचार सांगितलेला आहे. तो केला याचा पुरावा म्हणजे भट्टीचा तापमान-आलेख, आणि त्या आलेखावर त्या भागाचा हीट नंबर, म्हणजे तो ज्या वितळणीतून आला तिचा क्रमांक. आलेख नसेल तर उष्णोपचार झालाच नाही असे धरले जाते, आणि ते योग्यच आहे.

जुना इंपेलर स्कॅन करून सरळ छापायचा ही दुसरी चूक. जो भाग हातात येतो तो झिजलेला असतो. पात्यांच्या कडा खाल्लेल्या, बोअर (मधले भोक) वाढलेला. स्कॅनर झीजसुद्धा इमानाने टिपतो. म्हणून स्कॅनवरून आधी मूळ आकार उभा करावा लागतो, जिथे दोन पाती वेगळी झिजली आहेत तिथे निर्णय घ्यावा लागतो, आणि तो निर्णय कोणी घेतला ते लिहून ठेवावे लागते. त्यानंतर धातू थंड होताना आकसतो त्या आकुंचनाची सूट. ग्रे आयर्नला सुमारे १ टक्का धरायची इथल्या पॅटर्नमेकरची सवय असते. ॲल्युमिनियम ब्राँझला ती जवळपास २ टक्के लागते. ३०० मिलिमीटरच्या इंपेलरमध्ये हा फरक ३ मिलिमीटर होतो, म्हणजे मशिनिंगची सगळी सूट त्यातच संपते.

मग ओतण्याचा प्रश्न. या धातूवर ॲल्युमिनियम ऑक्साइडची पातळ साय लगेच धरते. वरून धबधब्यासारखा धातू सोडला की ती साय घडी होऊन आत जाते आणि घडीच्या जागी भेग तयार असते. क्ष-किरणात ती नेहमी दिसत नाही, डाय पेनिट्रंटमध्ये (भेगेत शिरणाऱ्या रंगीत द्रवाच्या तपासणीत) दिसते, आणि कधी कधी हायड्रो चाचणीत, पाण्याचा दाब दिल्यावर, पाणी झिरपले तरच कळते. उपाय जुना आहे. धातू खालून भरायचा आणि गेटमधला, म्हणजे धातू मोल्डमध्ये शिरतो त्या तोंडातला, वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आत ठेवायचा. लाकडी पॅटर्नवर तसा रनर (धातूची वाट) काढणे कटकटीचे असते. छापलेल्या मोल्डमध्ये तो हवा तसा वळवता येतो. वाळू छापण्याचा खरा फायदा इथे आहे. पॅटर्नचा वेळ वाचतो तो वाचतोच, शिवाय गेटिंग, म्हणजे धातू आत नेणाऱ्या वाटांची रचना, सुधारायची मोकळीक मिळते. जुनेच गेटिंग नव्या वाळूत छापणाऱ्याला यातला अर्धा फायदा मिळत नाही.

वाळूबद्दलच्या आणखी तीन अडचणी इथल्या मोल्डरला लगेच पटतील. एक, ग्रीन सँडची (नेहमीच्या ओल्या मोल्डची) बेंटोनाइट माती लागलेली वाळू फ्युरानच्या वाळूत चुकूनही मिसळता येत नाही. माती आम्ल खाऊन टाकते आणि मोल्ड कच्चा राहतो. दोन, फ्युरानसोबतच्या सल्फोनिक आम्लातला गंधक एसजी आयर्नच्या पृष्ठभागावरचे गोल ग्राफाइट बिघडवतो. कास्टिंग आतून एसजी आणि वरच्या कातडीला फ्लेक, म्हणजे पापुद्र्यांसारखे ग्राफाइट. जिथे वरचा थर मशिनिंगला जाणार आहे तिथे चालते, जिथे कातडी तशीच राहणार आहे तिथे कोटिंगचा विचार आधी करावा लागतो. तीन, आपला पाऊस. जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत बेळगाव-खानापूरच्या हवेतला ओलावा छापलेल्या कोअरची ताकद खातो, आणि ओल्या कोअरमधून ओतताना वायू उसळतो. छापलेले कोअर बंद, कोरड्या खोलीत ठेवणे आणि किती दिवसांच्या आत ओतायचे याची मर्यादा भिंतीवर लिहून ठेवणे, ही पावसाळ्यातली शिस्त आहे. अरुंद पोकळीत अडकलेली सुटी वाळू व्हॅक्यूमने ओढून घेणे आणि आत दिवा घालून बघणे हे मोल्ड बंद करण्याआधीचे शेवटचे काम. ते घाईत राहून गेले तर वाळू कास्टिंगमध्ये जाते.

दुसरा रस्ता तारेचा. वेल्डिंगचा टॉर्च रोबोच्या हातात देऊन थर चढवत जाणे. इथल्या फॅब्रिकेशनवाल्यांना वेल्डिंग प्रक्रियेची कागदपत्रे, वेल्डरची पात्रता चाचणी, आडवा कापून नायट्रिक आम्लाने थर उठवून दाखवलेला नमुना या गोष्टी परक्या नाहीत. म्हणून हा रस्ता दुसऱ्या क्रमांकाचा. हिशेब करून बघू. तयार भाग ६० किलोचा असेल तर मशिनिंगच्या सुटीसह ७५ किलो तार चढवावी लागेल असे धरू. तासाला २ किलोने चढवली तर आर्क साडेसदतीस तास चालतो. दोन थरांमधले तापमान खाली येईपर्यंत थांबावे लागते. ब्राँझसाठी साधारण १५० अंशांच्या खाली. म्हणजे प्रत्यक्षात चार-पाच दिवस. १५ किलोची पाच रिळे लागतील, म्हणजे मध्ये किमान चार वेळा थांबून पुन्हा सुरुवात. दोष सापडतात ते याच सुरू-बंदच्या जागी. म्हणून कोणत्या थराला रीळ बदलले, तारेचा लॉट तोच होता का, किती मिनिटे थांबला, ही नोंद भागाइतकीच महत्त्वाची. अल्ट्रासॉनिक तपासणाऱ्याला ती दिली तर तो नेमक्या त्या उंचीवर दुप्पट लक्ष देतो.

यात वीज जाणे हा स्वतंत्र विषय आहे. ओतकामात पंधरा मिनिटे वीज गेली तर धातू भट्टीत थोडा थांबतो. तारेच्या किंवा पावडरच्या कामात साठाव्या तासाला वीज गेली तर त्या थराला एक रेघ राहते आणि ती रेघ ताण-चाचणीत तुटायची जागा होऊ शकते. यूपीएस, जनरेटर, आणि खंड पडल्यास भाग पुढे न्यायचा की मोडीत काढायचा याचा आधीच लिहिलेला नियम, हे तिन्ही लागतात. नियम आधी लिहिलेला नसला की रात्रपाळीचा ऑपरेटर स्वाभाविकपणे 'चालू करून टाकतो', आणि सकाळी कोणालाच काही माहीत नसते.

तिसरा रस्ता, पावडरचा. लेसरने १५ ते ४५ मायक्रॉनची पावडर वितळवत ३० ते ६० मायक्रॉनचे थर बांधायचे. बंगळूरमध्ये हे काम चांगले चालते. इस्रोच्या पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे इंजिन विप्रो थ्रीडीने असेच बनवले. १४ भागांचा एकच भाग झाला, १९ वेल्ड गेले, आणि मे २०२४ मध्ये ते इंजिन ६६५ सेकंद चालवून बघितले. मग बेळगावने का थांबावे? कारण यंत्रासोबत जे लागते ते अजून आपल्याकडे बसलेले नाही. अतिशुद्ध आर्गॉनचा अखंड पुरवठा, पावडर किती वेळा वापरली आणि चाळली याचा हिशेब, टायटॅनियममधल्या ऑक्सिजनची तपासणी, आणि आगीची समज. टायटॅनियमच्या पावडरला लागलेल्या आगीवर पाणी मारायचे नसते. ओल्या फिल्टरमधल्या गाळातून हायड्रोजन सुटतो. फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करण्याच्या) धुळीसोबत आयुष्य काढलेल्या शॉपला ही धूळ वेगळी आहे हे शिकवायला पोस्टर पुरत नाही, महिने लागतात. शिवाय जिथे हे काम आधीच चाललेले आहे तिथे त्यांना नंतरच्या कामांसाठी भरवशाचे हात हवे असतात.

आणि नंतरची कामे हाच बेळगावचा खरा धंदा होऊ शकतो. भाग छापून प्लेटवर आला म्हणजे निम्मे कामही झालेले नसते. ३१६ एल या स्टेनलेस स्टीलचा लांबट ब्रॅकेट ताणमुक्तीच्या उष्णोपचाराआधीच प्लेटवरून कापायला वायर ईडीएमवर (विजेच्या ठिणग्यांनी तारेने कापणाऱ्या मशीनवर) लावला तर काय होते ते एकदा डोळ्यांनी बघावे. तार आत शिरते, दहा-पंधरा मिलिमीटर जाते, आणि ब्रॅकेटचे सुटलेले टोक वर उचलायला लागते. आत कोंडलेला ताण मोकळा होत असतो. काप पूर्ण होईपर्यंत ते टोक मिलिमीटरभर वाकलेले असते, आणि मग कोणतेही फिक्श्चर त्याला सरळ करू शकत नाही. क्रम एवढाच, की आधी प्लेटसकट भट्टी, मग काप. पण हा क्रम राउटिंग शीटवर (कामांच्या क्रमाच्या कागदावर) लिहिलेला नसेल तर मोकळे पडलेले मशीन बघून कोणीतरी तो उलटा करतोच.

पुढे गरम दाबाची प्रक्रिया, जिला सगळे 'हिप' म्हणतात. ३१६ एलसाठी ११२० ते ११६३ अंश, १०० मेगापास्कलच्या वर दाब, सुमारे ४ तास. तिने आतली बंद छिद्रे मिटतात. पृष्ठभागापर्यंत उघडी असलेली मिटत नाहीत, कारण दाबाचा वायू त्यांच्यातही शिरतो. ज्याला हे माहीत नाही तो 'हिप करून घेतले' एवढ्यावर निर्धास्त राहतो आणि मशिनिंगच्या शेवटच्या कटला छिद्र उघडे पडते. मशिनिंगवाल्यासाठी आणखी एक: छापलेल्या भागाला कुठेच सपाट, काटकोनी बाजू नसते. धरायचे कुठे? म्हणून डिझाइनमध्येच तीन-चार आधाराच्या टिकल्या मागून घ्याव्या लागतात, त्यांच्यावरून मोजायचे आणि शेवटी त्या काढून टाकायच्या. ही मागणी डिझायनरपर्यंत नेणारा माणूस म्हणजे सीएनसीचा अनुभवी सेटर, मशीनवर भाग बसवून देणारा. बेळगावात असे सेटर शेकड्यांनी मिळतील. पाच अक्षांचे मशीन, सीएमएम (अचूक माप घेणारे यंत्र), हवामान नियंत्रित मोजमाप-खोली, हायड्रो चाचणीचा बाक, डाय पेनिट्रंट आणि अल्ट्रासॉनिकचे प्रमाणित तपासनीस एवढे ज्याच्याकडे आहे तो एकही ग्रॅम न छापता नौदलाच्या प्रिंटिंग साखळीत शिरू शकतो.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, डॅनव्हिलला, पाणबुड्यांच्या पुरवठादारांसाठी माणसे तयार करण्याचा सोळा आठवड्यांचा अभ्यासक्रम चालतो. तिथे पाच व्यवसाय शिकवतात: सीएनसी मशिनिंग, वेल्डिंग, अविध्वंसक तपासणी, मोजमाप-गुणवत्ता, आणि थ्रीडी प्रिंटिंग. पाचांपैकी चार प्रिंटिंगचे नाहीत! आपल्याकडे सरकारी टूल रूम आहे, व्हीटीयू या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय मच्छेलाच आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये उद्यमबागेच्या दारात आहेत. असाच अभ्यासक्रम इथे चालवायला इमारत शोधावी लागणार नाही. फक्त तो मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत चालला पाहिजे. शॉपमध्ये मोल्डर मराठीत बोलतो, शेजारचा फर्नेसमन कन्नडमध्ये, आणि कामाची सूचना इंग्रजीत टांगलेली असते. मग दोघेही ती वाचत नाहीत, एकमेकांना विचारून काम करतात. ट्रॅक्टरच्या भागात हे निभावते. नौदलाच्या भागात 'तापमान १५० खाली आल्यावर पुढचा थर' हे वाक्य ज्याच्या हातात टॉर्चचे बटण आहे त्याच्या भाषेत असायला हवे.

आता नोंदीचा मुद्दा, ज्यावर या लेखाचे शीर्षक आहे. आज इथल्या किती फौंड्रीत असे सांगता येईल की हा भाग अमुक हीटचा, त्या हीटमध्ये अमुक लॉटचे निकेल गेले, धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोचे निकाल हे, उष्णोपचाराचा आलेख हा, मशिनिंगचे प्रोग्रॅम हे, तपासणी यांनी केली, आणि हे सगळे पंधरा मिनिटांत समोर ठेवता येईल? जे विमानांचे भाग करतात ते ठेवतात, कारण ग्राहकाने त्यांना भाग पाडले. बाकीच्यांकडे कौशल्य त्याच दर्जाचे असूनही कागद नसतो. प्रिंटिंगमध्ये तर प्रक्रिया एकदा मंजूर झाली की गोठवली जाते. पावडरचा पुरवठादार, लेसरची सेटिंग, सॉफ्टवेअरची आवृत्ती, इतकेच काय, यंत्र एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये हलवले तरी पुन्हा सिद्ध करावे लागते. 'थोडे ॲडजस्ट करून घेतले' ही आपली ताकद मानली जाते. इथे ती दोष ठरते, आणि हा बदल उद्योजकाच्या स्वभावातला असल्यामुळे त्याला वेळ लागणारच. म्हणूनच तो आज सुरू व्हायला हवा, आणि त्याला यंत्र लागत नाही. वही लागते, बारकोडचा साधा प्रिंटर लागतो, आणि मालकाने स्वतः रोज ती वही उघडून बघणे लागते.

याच नोंदीत फाइलची शिस्तही आली. भाग आता ड्रॉइंगमध्ये नसतो, फाइलमध्ये असतो. नौदलाच्या पंपाची फाइल व्हॉट्सॲपवरून जॉबवर्कवाल्याला गेली तर भाग कितीही चांगला असला तरी तो पुरवठादार कायमचा बाद झाला पाहिजे. इंटरनेट नसलेला एक संगणक, पेनड्राइव्हवर बंदी, आवृत्तीचा क्रमांक आणि फाइल कोणी उघडली याची यादी. खर्च एका चांगल्या मोबाइलच्या दोन-तीन पट.

इथवर सगळे पुरवठादाराला सांगून झाले. पण आमचा खरा आग्रह दुसऱ्या बाजूकडे आहे. मान्यतेचा खर्च सध्याच्या खरेदी पद्धतीत पुरवठादाराच्या गळ्यात पडतो. एका इंपेलरसाठी दोन-तीन नग कापून तपासायला द्यायचे, ताण-चाचणीचे नमुने, क्ष-किरण, गंज-चाचणी, तिऱ्हाईत तपासनिसाच्या फेऱ्या. मग निविदा निघते आणि सर्वात कमी दराला काम जाते. ज्याने मान्यतेवर पैसे घातले त्याचा दर साहजिकच जास्त असतो. तो हरतो, आणि पुढच्या वेळी पुढे येत नाही. दोन नगांच्या ऑर्डरवर हा खर्च कधीच वसूल होत नाही. गोदीने पहिला नग आणि कापायचे नमुने वेगळ्या दराने, चाचणीच्या खर्चासकट विकत घ्यावेत. मान्यता एका भागाला न देता कुटुंबाला द्यावी: हा धातू, ही भिंतीची जाडी, हा दाब, या मर्यादेतले सगळे इंपेलर आणि व्हॉल्व्ह बॉडी. मग पहिल्या मान्यतेचा खर्च पुढच्या वीस भागांवर वाटला जातो. आणि पैसे वेळेत द्यावेत; ४५ दिवसांची मर्यादा २००६ च्या कायद्यात आहेच.

केंद्राचे २०२२ चे राष्ट्रीय धोरण ५० तंत्रज्ञाने, १०० स्टार्टअप आणि ५०० उत्पादनांची उद्दिष्टे ठेवते. यात आणखी एक आकडा हवा होता: लढाऊ जहाजासाठी मान्यता मिळालेले जुने, चालते लघुउद्योग किती. संरक्षण चाचणी सुविधांच्या २०२० च्या योजनेत केंद्राने ७५ टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद केली. धातूच्या चाचण्यांची, गंज-तपासणीची आणि सीटी स्कॅनची एक प्रयोगशाळा बेळगावच्या पट्ट्यात आली, तर एकेका उद्योजकाच्या पदरात टाकलेल्या यंत्राच्या सबसिडीपेक्षा तिचा उपयोग जास्त जणांना होईल. वाळूचा प्रिंटरही एकाने घेऊ नये, सामायिक असावा. त्याचे पोट एका फौंड्रीच्या कामाने भरत नाही.

सामायिक म्हटले की सीमा आडवी येते. शिनोळीची औद्योगिक वसाहत बेळगावपासून हाकेच्या अंतरावर, पण ती महाराष्ट्रात. कोल्हापूर, कागल, निपाणी, बेळगाव ही एकच ओतकामाची पट्टी आहे. माणसे, वाळू, भंगार, जॉबवर्क रोज टोलनाका ओलांडतात. अनुदानाच्या योजना मात्र राज्याच्या हद्दीला थांबतात, आणि सदस्यत्वाच्या अटी 'राज्यातील उद्योग' अशा असतात. सीमेचा मोठा प्रश्न न्यायालयात आहे, तो तिथे चालू राहील. सामायिक यंत्राच्या अटीत 'दोन्ही राज्यांतील उद्योगांना समान दर' एवढी एक ओळ घालायला कोणाच्याही भूमिकेला धक्का लागत नाही. तेवढ्या ओळीने यंत्राचे काम दुप्पट होईल.

यावर आक्षेप येतो की थांबायचा सल्ला देणारे नेहमी मागे राहतात, बंगळूर आणि हैदराबाद पुढे निघून जातील. आक्षेपात तथ्य आहे. पण आम्ही थांबा म्हणत नाही, क्रम बदला म्हणतो. वाळूचे मोल्ड आज दुसऱ्या गावातून छापून आणता येतात. ट्रकने एक दिवस लागतो. त्यासाठी स्वतःचे यंत्र नको.

म्हणून सुरुवात एका उघड चाचणीने करावी. गोवा शिपयार्ड आणि कारवारच्या दुरुस्ती गोदीने मिळून समुद्राच्या पाण्याचे, कमी दाबाचे, बिघडले तर जहाज धोक्यात न येणारे वीस भाग निवडावेत. प्रत्येकाचा धातू, दाब, वर्षाला किती लागतात आणि तपासणीची पातळी लिहून द्यावी. त्यातला एक इंपेलर बेळगावच्या दोन फौंड्रींनी ओतावा, एकीने लाकडी पॅटर्नवर, दुसरीने छापलेल्या वाळूत, तेही एकदा फेब्रुवारीत आणि एकदा भर जुलैमध्ये. चारही इंपेलर ६७५ अंशांचा उष्णोपचार करून एकाच प्रयोगशाळेत कापावेत. काप पॉलिश करून, हीट नंबर आणि तापमानाच्या आलेखासकट, उद्यमबागेतल्या कोणत्याही एका सभागृहात टेबलावर मांडावेत, आणि मोल्डर, सेटर, फर्नेसमन यांना भिंग देऊन दिवसभर बघू द्यावेत.